अमेरिका निवृत्त लष्करी विमानं वाळवंटातच का ठेवते?

मुख्यतः गंज लागू नये म्हणून. ॲरिझोनातल्या टूसॉनजवळच्या डेव्हिस-मॉन्थन तळावर १९४६ पासून हे चालू आहे. हवा कोरडी, पाऊस जेमतेम, आणि जमीन इतकी टणक की काँक्रीट न ओतताही अवजड बॉम्बर उभं राहतं. आधी इंधन काढून यंत्रणेत पातळ तेल फिरवतात, मग काचा आणि फटींवर पांढरा लेप मारतात. त्यामुळे आतलं तापमान आटोक्यात राहतं, धूळही शिरत नाही. लोक याला ‘विमानांची स्मशानभूमी’ म्हणतात, पण ते अर्धंच खरं. बऱ्याच विमानांचे सुटे भाग काढून वापरतात, हे कबूल; पण ‘घोस्ट रायडर’ हे बी-५२ बॉम्बर तिथून २०१५ मध्ये पुन्हा उडालं! शस्त्रकपात करारानुसार कापलेल्या बी-५२ विमानांचे तुकडे मात्र मुद्दाम उघड्यावर ठेवले होते, रशियन उपग्रहांना मोजता यावेत म्हणून.