भाडं कमी ठेव, ओसरी मोठी ठेव

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

इंदूरच्या रामबागेतला वाडा बिल्डरच्या घशात न घालता तिथे सात-आठ म्हातारी माणसं आणि तेवढीच कोचिंगची पोरं परवडेल अशा भाड्यात ठेवायची, हा तुझा बेत मला आवडला. पत्रातलं 'आम्ही वृद्धांची सेवा करू' हे वाक्य मात्र खोडून टाक. वेळेवर गोळ्या देणारी बाई इंदूरात पगारावर मिळते. 'आज एवढा उशीर का रे?' असं हक्कानं विचारायला माणूस मिळत नाही.

नेदरलँड्सच्या डेव्हेंटर गावात ह्युमॅनिटास या वृद्धनिवासात विद्यार्थी बिनभाड्यानं राहतात, बदल्यात महिन्याला ३० तास शेजारधर्म पाळतात. स्वीडनमध्ये हेलसिंगबोर्गला २०१९ साली 'सेलबो' सुरू झालं. तिथे ५१ घरं, निम्म्याहून जास्त सत्तरीपुढच्यांची, उरलेली १८ ते २५ वयाच्यांची. आठवड्याचे दोन तास एकमेकांत मिसळायचं, हे करारातच लिहिलेलं. तास मोजणं आपल्याकडे कोरडं वाटेल, तरी तू मोज. नाहीतर सगळी कामं एखाद्या गरीब स्वभावाच्या मुलीच्या गळ्यात पडतात.

आणि आजी-आजोबांनाही काम नेमून दे. दुधाचा हिशेब, विजेचं बिल, किल्ल्यांचा जुडगा त्यांच्याकडे राहू दे. भंवरकुआंच्या कोचिंगहून रात्री दहाला परतणाऱ्या पोराला दार त्यांनीच उघडावं, दोन शब्द ऐकवावेत. सकाळच्या पोह्यांवर जीरावन मसाला किती, यावरून भांडणं होतील. होऊ देत. कोणी दार लावून बसत असेल तर त्याला मात्र भजनाला ओढू नकोस.

पैशाचं नीट ऐक. खोल्या लहान चालतील, स्वयंपाकघर एकच चालेल, पण संडास प्रत्येक खोलीला हवा. लाखांची अनामत मागू नकोस. राहतं घर विकून ती भरणाऱ्याला परतीची वाट उरत नाही; मग भाजी खारट झाली तरी तो निमूट गिळतो. दोन महिन्यांचं भाडं पुरे, आणि महिन्याची नोटीस देऊन निघून जायची मुभा लेखी दे. पोरांच्या करारातही हेच लिही.

नकाशा पाठवशील तेव्हा जिन्याच्या पायऱ्यांची उंची मोजून कळव. पंधरा सेंटिमीटरच्या वर निघाली तर वरचा मजला पोरांना.