.४५ बोअरमध्ये जुने १९११ पिस्तूल बरे की ग्लॉक २१?

रावेरकडच्या एका केळीबागायतदाराने विचारले आहे की, नेमबाजीसाठी आणि जवळ बाळगण्यासाठी .४५ बोअरच्या (म्हणजे सुमारे .४५ इंच व्यासाच्या नळीच्या) या दोन पिस्तुलांपैकी कोणते योग्य. निव्वळ नेमबाजीचा विचार केला, तर माझे मत जुन्याच्या बाजूने आहे. जॉन ब्राउनिंग यांच्या १९११ च्या या रचनेत ट्रिगर बोटाखाली सरळ मागे सरकतो, त्याचा प्रवास अगदी थोडा असतो, आणि सुमारे १.१ किलोचे पोलादी वजन .४५ चा धक्का बराचसा पचवते.

बाळगण्याच्या बाबतीत मात्र हेच वजन कमरेला जाणवते. मॅगझिनमध्ये सातच गोळ्या मावतात. शिवाय घोडा (हॅमर) चढवून अंगठ्याची सुरक्षा-कळ लावलेल्या स्थितीत ते बाळगायचे, तर हाताला रोजचा सराव हवा. ग्लॉक २१ ची चौकट पॉलिमरची असून रिकाम्या मॅगझिनसह वजन सुमारे ८३० ग्रॅम आणि क्षमता तेरा गोळ्यांची आहे. पण मूठ जाड असल्याने लहान पंजाला ती नीट धरता येत नाही. भुसावळच्या ४५ अंशांत घामाने निळ्या पॉलिशचे पोलाद लवकर गंजते (पट्ट्याला घासणारी बाजू आधी), तेव्हा जुन्याला संध्याकाळी तेलाचे फडके फिरवावेच लागते.

अर्थात, आपल्याकडे निवड बाजारापेक्षा परवाना ठरवतो. ९ मिमी आणि .४५५ हे बोअर सामान्य परवानाधारकास निषिद्ध आहेत, आणि परदेशी पिस्तुलांच्या आयातीवर कडक निर्बंध असल्याने प्रत्यक्षात बहुतेकांची मजल कानपूरच्या सरकारी कारखान्यातल्या .३२ बोअरच्या रिव्हॉल्व्हरवरच थांबते.