लेकीला साहित्य शिकायचंय, खाणार काय?

रेणापूर तालुक्यातल्या एका पालकांचं पत्र आलं आहे. त्यांचं खत-बियाण्याचं दुकान आहे. मुलगी लातूरला बारावी सायन्स झाली, एक वर्ष 'नीट' ही मेडिकलची प्रवेश परीक्षा रिपीट केली, तरी मार्क जमले नाहीत. आता ती म्हणते, मला बीए करायचंय, पुढे हैदराबादला जाऊन साहित्य आणि संस्कृतीचा अभ्यास करायचाय. वडील लिहितात, "ताई, हिच्या आजीच्या ओव्या लिहिलेली एक वही आहे, तिच्यातच गुंतलेली असते. आमच्याकडं बीए म्हणजे ज्याला कुठंच नंबर लागत नाही त्यानं करायचं. कल्चरल स्टडीज का काय म्हणती, त्याला नोकरी कुठं आहे? लेकीचं वाटोळं तर होणार नाही ना?" त्या वहीतल्या एका पानाचा फोटोही त्यांनी पत्रासोबत पाठवला आहे.

भाऊ, सप्रेम नमस्कार.

तुम्ही पत्र लिहिलंत हे फार बरं केलंत, आणि पानाचा फोटो पाठवलात ते त्याहून बरं. मी आधी ते पानच वाचलं. तुमच्या आईची ही ओवी :

खडीच्या ढिगापाशी, बाया बसल्या जोडीजोडी
मिलोच्या भाकरीला न्हाई जुंधळ्याची गोडी

तुमच्या लेकीनं शेजारी पेन्सिलीनं तीन प्रश्न लिहिलेत, ते तुम्ही पाहिलेत का? 'ही ओवी जात्यावरची की खडीवरची?' 'जोडीला कोण होतं?' 'मिलो दळताना गायली का?' अक्षर लहान आहे, म्हणून तुमच्या नजरेतून सुटलं असेल.

हे तीन प्रश्न म्हणजेच तुम्ही विचारता तो विषय. १९७२ च्या दुष्काळात आपल्याकडं खडी फोडायची कामं निघाली आणि बाहेरून आलेली लाल मिलो ज्वारी रेशनवर मिळाली, हे तुम्हाला मी सांगायला नको. इतिहास शिकणारा त्या कामांचे हजेरीपट शोधेल. साहित्य शिकणारा विचारेल की माहेर, भाऊ आणि पंढरी गाणाऱ्या ओवीत खडीचा ढीग कसा काय शिरला. आणि संस्कृतीचा अभ्यास करणारा तुमच्या लेकीसारखं विचारेल : जोडीला कोण होतं? एरवी ज्यांच्या विहिरी वेगळ्या, त्या बाया खडीवर शेजारी बसल्या का? बसल्या असतील तर पाऊस पडल्यावर काय झालं? पिठाची गिरणी आली, जातं अडगळीत गेलं, मग ओवी कुठं गेली? दोन ओळींतून एवढं निघतं. जिला हे सुचतं ती मुलगी कुठं नंबर लागत नाही म्हणून बीएकडं वळलेली नाही.

नाव इंग्रजी आहे म्हणून विषय परका समजू नका. इंग्लंडात बर्मिंगहॅम विद्यापीठात रिचर्ड हॉगर्ट यांनी १९६४ साली या अभ्यासाचं केंद्र काढलं. ते स्वतः कामगारवस्तीत वाढलेले, आणि त्याआधी प्रौढांच्या वर्गांवर शिकवत होते. मोठ्या लेखकांच्या पुस्तकांइतकंच साध्या माणसांचं गाणं, वाचन, बोलणं बारकाईनं वाचावं, असा त्यांचा आग्रह. पुढं जमैकात जन्मलेले स्टुअर्ट हॉल त्या केंद्राचे प्रमुख झाले. आपल्याकडं त्याच्याही आधी, १९५० मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय सुरू केलं. पुढं त्याच शहरातून गंगाधर पानतावण्यांनी 'अस्मितादर्श' हे दलित साहित्याचं नियतकालिक चालवलं. ज्यांचं जगणं कुणी लिहिण्याजोगं मानलं नव्हतं, त्यांनी ते स्वतः लिहायला घेतलं. हे सगळं मराठवाड्यातच घडलं आहे.

आणि ओव्यांचं म्हणाल तर, गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रभर फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्याही त्यात आहेत. तुमच्या लेकीची वही त्याच वाटेवरची आहे.

आता पोटाचं बोलू. गोड बोलून तुम्हाला फसवणार नाही. नुसती मराठीची बीए, नुसती एमए करून ती गावी परत आली, तर तुमची भीती खरी ठरेल. प्राध्यापकाच्या कायम जागा वर्षानुवर्षं भरल्या जात नाहीत, आणि नेट-सेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा पास झालेली, पीएचडी झालेली पोरं तासिका तत्त्वावर राबतात. मी त्यांना रोज भेटते. त्यामुळं 'प्राध्यापक होईल' हा एकच हिशेब धरून पाठवणार असाल तर पाठवू नका.

पण साहित्यासोबत एक पक्की, हाताला काम देणारी विद्या असेल तर चित्र बदलतं. आपल्या भागासाठी ती कोणती, हे मला तळमळीनं सांगायचंय. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. दप्तर उर्दूत, त्याआधीचं फारसीत, गावपातळीवरचं कितीतरी मोडी लिपीत. २०२३ साली कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली, तेव्हा मराठवाड्यातल्या कचेऱ्यांत मोडी आणि उर्दू-फारसी वाचणाऱ्या माणसांची शोधाशोध झाली ती तुम्ही बातम्यांत पाहिलीच असेल. गठ्ठ्यांचे गठ्ठे समोर, आणि वाचणारे बोटांवर मोजण्याइतके. इनाम जमिनीचा मुंतखब, म्हणजे निजामकाळचा इनामाचा दाखला, घेऊन वकिलाकडं चकरा मारणारा माणूस तुमच्या दुकानावरही येत असेल. मराठी, मोडी आणि उर्दू या तिन्ही वाचता येणारी पंचविशीतली मुलगी अख्ख्या लातूर जिल्ह्यात किती सापडतील, तुम्हीच अंदाज करा. मोडीची ओळख काही महिन्यांत होते. उर्दूला जास्त वेळ लागतो, पण तिनं आत्ता सुरुवात केली तर बीए संपेपर्यंत हात बसेल.

बाकी कामं आहेत, ती थोडक्यात सांगते. अनुवाद, मालिका-चित्रपटांची उपशीर्षकं, प्रकाशनाचं संपादन, पाठ्यपुस्तकं, वस्तुसंग्रहालयं, पुराभिलेख. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्रानं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, पण त्यानं उद्या नोकऱ्यांचा पाऊस पडेल असं मी म्हणणार नाही. या कामांत इंग्रजी चांगलं लागतं. तिला रोज एक तास इंग्रजी लिहायला बसवा, यात सूट देऊ नका.

आता हैदराबाद. तिथं हैदराबाद विद्यापीठात तुलनात्मक साहित्याचं केंद्र आहे आणि इफ्लूमध्ये, म्हणजे इंग्रजी आणि परकीय भाषांच्या विद्यापीठात, सांस्कृतिक अभ्यासाचा विभाग. दोन्ही केंद्र सरकारच्या संस्था. जागा उत्तम, पण माझ्या मते ती पायरी बीएनंतरची. आधी बीए इथंच होऊ द्या. लातूरची महाविद्यालयं नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाला जोडलेली आहेत. सायन्सवाल्यांना तिथं बीएला प्रवेश मिळतो आणि खर्च तुमच्या आवाक्यातला आहे. मराठी किंवा इंग्रजी मुख्य विषय, जोडीला इतिहास किंवा समाजशास्त्र. मोठ्या शहरातल्या खासगी विद्यापीठाची लाखांची फी भरायला जमीन विकायचा विचार मनात असेल तर तो आजच काढून टाका. एमएनंतर नेटमधून जेआरएफ ही संशोधनाची अधिछात्रवृत्ती मिळाली तर महिन्याला ३७,००० रुपये मिळतात. त्याशिवाय बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्याही अधिछात्रवृत्त्या आहेत, त्यातली कोणती लागू पडते ते प्रवर्गाप्रमाणं बघू.

एक गोष्ट अजून. पत्रात तुम्ही दोनदा 'नीटमध्ये नापास झाली' असं लिहिलंय. नीट ही निवडीची परीक्षा आहे, तिथं जागा मिळाली नाही म्हणजे पोरगी नापास झाली असं नाही. घरात हा शब्द वापरू नका. ट्यूशनच्या भिंतीवर टॉपरांचे फोटो बघत तिनं दोन वर्षं काढलीत, तेवढं पुरे. आणि ती वही दिवाणाखाली जाऊ देऊ नका. आंबेजोगाईला संतकवी दासोपंतांची पासोडी आहे, जवळपास ४० फूट लांब कापडावर लिहिलेली. चारशे वर्षं कुणीतरी सांभाळली म्हणून ती आज वाचता येते.

तुमच्या आईचं वय ७६ लिहिलंत. म्हणजे त्या दुष्काळात त्या ऐन तेविशी-चोविशीच्या. या रविवारी दुकान जरा लवकर बंद करा, लेकीला आजीजवळ बसवा आणि तुमच्या मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू ठेवा. सुरुवातीला तारीख आणि गाव बोलायला लावा. ओवी कुणाकडनं शिकलात, खडी कुठल्या रस्त्याची होती, जोडीला कोण बसायचं, एवढं तिनं विचारावं आणि मधे न बोलता ऐकावं. आजी अडखळली तर थांबावं, गाणं मागनं येतं.

प्रवेशाचे अर्ज सुटायच्या आत दोघं या. येताना वही आणा, आणि ते रेकॉर्डिंगही.

तुमची ताई