"एवढी वर्षं वाया गेली, आता दुसरं काय जमणार?"

सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमधून जी मुलं माझ्याकडे करिअर समुपदेशनासाठी येतात, त्यांचं पहिलं वाक्य बहुधा हेच असतं. एमपीएससीला खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा ३८, मागासवर्गीयांची ४३. त्यामुळे 'आणखी एक अटेम्प्ट' म्हणायला कायम वाव राहतो आणि निर्णय लांबत जातो.

त्यांतलाच हा एक, २९ वर्षांचा (तपशील बदलले आहेत). दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत पोचलेला. त्याला कलचाचणी हवी होती. "मला काय जमेल ते एकदाचं सांगून टाका, मॅडम."

कलचाचणी मी नंतर घेते, आधी गोष्टी ऐकते. व्हिएन्नाचे मानसशास्त्रज्ञ अल्फ्रेड ॲडलर लहानपणच्या सगळ्यात जुन्या आठवणींना फार महत्त्व देत. इतक्या प्रसंगांतून माणसाने नेमका हाच का जपला, हे बघायचं. अमेरिकेतल्या मार्क सॅविकस यांनी तो धागा करिअर समुपदेशनात आणला. मी त्याच पठडीतली.

"लहानपणी कोणासारखं व्हावंसं वाटायचं?"

"कलेक्टर."

"ते घरच्यांना. तुला?"

बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "आमच्या डेअरीत हिशेब लिहायला एक काका होते."

सहावीत असताना तो आईबरोबर दूध घालायला जायचा. शेजारच्या काकूंना वाचता येत नव्हतं. एकदा त्यांची फॅट ३.५ लागली आणि पावतीवर २.५ पडली. "मी तिथंच ओरडलो. सगळे हसले. पण काकांनी पावती फाडून नवी लिहिली आणि दर कसा लावतात ते मला वहीत दाखवलं." बोलता बोलता तो माझ्या टेबलावर बोटाने रकाने आखत होता: लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), दर. तोवरच्या भेटींत त्याचे हात मांडीवरून हलले नव्हते.

"अभ्यासिकेत पोरं तुझ्याकडे कशाला येतात?"

"असंच. नॉन-क्रिमीलेअर अडलं, फॉर्म चुकला, मेसवाल्याने जास्त पैसे लावले..." तो थांबला. "म्हणजे मी अजून तेच करतोय की!"

अशा वेळी मी गप्प बसते. हे वाक्य मी आधी बोलले असते, तर त्याने मान डोलावली असती आणि घरी गेला असता. लोकांची कागदपत्रं मार्गी लावणाऱ्या माणसाला 'कलेक्टर' हे एकच नाव त्याला ठाऊक होतं. वाया गेलेल्या वर्षांत पंचायत राज, जमीन महसूल सगळं वाचून झालं होतं. ते तो शून्यात धरत होता.

घरी करून बघायचं असेल तर 'तुला आवडतं काय?' हा प्रश्न टाळा, मुलं त्याने गांगरतात. एक जुनी आठवण सांगायला लावा, मध्ये दुरुस्त्या करू नका. मग तिला पेपरातल्यासारखा मथळा द्यायला सांगा, क्रियापदासकट. याचा मथळा होता: 'सहावीतल्या पोराने पकडली फॅटची चूक'. क्रियापदात बरंच काही सापडतं. मात्र गोष्टीवर कोणी पगार देत नाही. ते काम करणाऱ्यांना भेटायचं, महिनाभर हात घालून बघायचा, कमी पडेल ते शिकायचं.

तो सध्या एका शेतकरी उत्पादक कंपनीत हिशेब आणि सरकारी कागदपत्रं बघतो, संध्याकाळी टॅली शिकतो. पगार बेताचाच आहे. यंदाचा फॉर्मही भरलाय. मी अडवलं नाही. आईला ही नोकरी तात्पुरती वाटते, म्हणून पुढच्या भेटीला तिलाही बोलावलंय.