अमोर्गोस: आयिया आनाच्या खडकाळ कोव्हमध्ये पोहायला उतरण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा: सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात दोघं अमोर्गोस या ग्रीक बेटावर जाताय, तिथल्या मठाखालच्या आयिया आनाच्या छोट्या कोव्हमध्ये (कातळांमधल्या चिमुकल्या खाडीत) निवांत पोहायचंय, दोघांना तरणतलावात बऱ्यापैकी पोहता येतं, पण समुद्राचा अनुभव म्हणजे गुहागर-मुरुडच्या पुळणीवर कमरेभर पाणी. जमेल का, आणि काय काळजी घ्यायची?

जमेल. पण कोकणातली सवय तिथे दोन ठिकाणी फसवते, म्हणून आधी तेच.

पहिली गोष्ट, भरती-ओहोटीचं कोष्टक घरी ठेवा. एजियन समुद्रात पाण्याची पातळी दिवसभरात काही सेंटिमीटरच वरखाली होते. तिथे दिवस ठरतो तो वाऱ्यावर. दुसरी गोष्ट, पुळणीवर पाणी हळूहळू खोल होतं. इथे गोट्यांची एक अरुंद पट्टी आणि बाजूला कातळ, दोन-चार पावलांत पाय सुटतात. त्यात पाणी इतकं नितळ की तळ प्रत्यक्षापेक्षा सुमारे पाव हिश्श्याने वर दिसतो. दीड मीटर वाटणारं पाणी दोन मीटर असतं. दमल्यावर ‘इथे पाय टेकतील’ म्हणून थांबायला जाल आणि डोकं पाण्याखाली जाईल. पाय टेकण्याच्या भरवशावर पोहायचंच नाही, पाठीवर तरंगत विश्रांती घेता आली पाहिजे. निघण्याआधी तरणतलावाच्या खोल बाजूला दहा मिनिटं काठाला हात न लावता तरंगून बघा. ते जमत नसेल तर कोव्हमध्ये काठाजवळच डुंबा, त्यातही मजा आहेच.

आता वारा. आयिया आना बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर, उंच कड्याच्या पायथ्याशी आहे. उन्हाळ्यातला मेल्टेमी नावाचा वारा उत्तरेकडून येतो, जुलै-ऑगस्टमध्ये सगळ्यात जोरात, सप्टेंबरमध्ये जरा मवाळ. कडा आडोसा देतो, त्यामुळे बेटाच्या दुसऱ्या बाजूला समुद्र खवळलेला असताना इथे पाणी सपाट दिसतं. सपाट म्हणजे सुरक्षित, हा इथला सगळ्यात मोठा गैरसमज. वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असतो, आणि जोर वाढला की कड्यावरून झोतासारखा खाली कोसळतो. काठाजवळ लाट उठायला जागाच नसते, पण तीस-चाळीस मीटर आत गेलात की वारा पाठीमागून ढकलत राहतो. जाताना ‘आज काय मस्त पोहतोय’ वाटतं. परत फिरल्यावर कळतं की ती वाऱ्याची मेहरबानी होती. म्हणून फुगवायची गादी किंवा रिंग या कोव्हमध्ये अजिबात नको. पोहायचं ते काठाला समांतर, कातळापासून दहा-पंधरा मीटरच्या आत.

वाऱ्याच्या अंदाजासाठी विंडी हे ॲप किंवा ग्रीक समुद्रविज्ञान संस्थेचं पोसायडन हे संकेतस्थळ, दोन्हीपैकी काहीही आदल्या रात्री बघा. उत्तरेचा वारा 5 बोफर्टपर्यंत (बोफर्ट म्हणजे वाऱ्याचा जोर मोजायची श्रेणी) असेल तर दिवस चांगला. 6-7 असेल तर काठाजवळच राहा. दक्षिणेचा वारा मात्र 4 असला तरी बेत बदला, कारण लाट थेट कातळावर येऊन आपटते. वारा पडल्यावरही लाटांचं उधाण दिवसभर रेंगाळतं, त्यामुळे कालचा वाराही बघायचा. अशा दिवशी उत्तरेकडच्या एगियालीच्या वाळूच्या किनाऱ्यांवर किंवा निकुरिया बेटासमोरच्या आयिओस पाव्लोसला जा. मूरोस किनारा सुंदर आहे, पण तोही दक्षिणेलाच, तेव्हा या वाऱ्यात त्याचा उपयोग नाही.

पाण्यात उतरण्याआधी दहा मिनिटं नुसतं बसून बघा. लाटा एकसारख्या येत नाहीत, काही बारीक आणि मग दोन-तीन मोठ्या. मोठी लाट कातळावर किती वर चढते ते बघून ठेवा. मग बाहेर कुठून यायचं ते ठरवा, आणि आत शिरायची जागा त्यानंतर. हा क्रम उलटा करू नका. कातळावरून सूर मारणं सोपं असतं, पण त्याच कातळावर ओल्या अंगानं परत चढता येईलच असं नाही. पाण्याच्या रेषेच्या वर-खाली हातभर पट्ट्यात हिरवट शेवाळ असतं, त्यावर पाय साबणासारखा सरकतो. नवख्यांनी गोट्यांच्या पट्टीवरूनच उतरावं आणि तिथूनच बाहेर यावं. उतरताना गुडघाभर पाण्यात पोचलात की उभं राहून तोल सावरत बसू नका. खाली बसा, अंग पाण्यावर टाका आणि हातांनी पुढे सरका. परत येताना उलट करायचं: हात गोट्यांना टेकेपर्यंत पोहतच या, लाट पुढे ढकलते तेव्हा सरका, मागे ओढते तेव्हा हातांनी घट्ट धरून थांबा, आणि पुढची लाट यायच्या आत चार पायांवर वर सरका. दिसायला वेंधळं दिसतं, पण ढोपरं शाबूत राहतात.

पायात पातळ रबरी तळाचे पाण्यातले बूट हवेतच. चपला चालत नाहीत, पहिल्याच लाटेत निघून जातात. सोबत साधा पोहण्याचा मास्क घ्या, कारण सी अर्चिन, म्हणजे ते काळे-जांभळे काटेरी गोळे, वरून दिसत नाहीत. कातळाच्या फटींत आणि कपारींत ते चिकटून असतात. एखादा पाण्याखालचा कातळ शेवाळाशिवाय खरवडल्यासारखा बोडका दिसला तर समजा आसपास त्यांची वस्ती आहे. शेवाळ त्यांनीच खाल्लेलं असतं. न बघता कुठेही हात टेकू नका.

काटा घुसलाच तर लगेच दाबून-पिळून काढू नका. तो चुन्यासारखा ठिसूळ असतो, आतच तुटतो. सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय अर्धा ते एक तास बुडवा, बाहेर आलेलं टोक चिमट्यानं सरळ ओढा, उरलेल्या तुकड्यांसाठी व्हिनेगरची पट्टी ठेवा. बारीक कण काही दिवसांत विरघळतात किंवा आपोआप वर येतात. सांध्याजवळ घुसला असेल किंवा सूज-लाली वाढत असेल तर होरा गावातल्या आरोग्यकेंद्रात जा.

जेलीफिशला मात्र व्हिनेगर नको. या पाण्यात त्रास देणारी जात बहुधा जांभळट पेलाजिया असते. तिच्यासाठी समुद्राच्याच पाण्यानं धुवायचं, चोळायचं नाही, गोडं पाणी ओतायचं नाही. खायचा सोडा आणि समुद्राचं पाणी समप्रमाणात कालवून दोन मिनिटं लावा, मग जुन्या कार्डाच्या कडेनं हलकेच खरवडून काढा. सोड्याची छोटी पुडी पिशवीत टाकून ठेवायला काहीच लागत नाही.

सप्टेंबरमध्ये पाणी 23-24 अंशांच्या आसपास असतं. आपल्याकडच्या 28-29 ची सवय असलेल्याला हे गार लागतं, आणि थंडी वाजायला लागल्याचं पोहताना उशिरा कळतं. पहिल्या खेपेला वीस मिनिटं पुरे. पाणी अरबी समुद्रापेक्षा खारट असल्यानं तरंगायला किंचित मदत होते, डोळ्यांत-नाकात गेलं की तितकंच झोंबतंही.

पोचण्याबद्दल: नॅक्सोसहून येणारी छोटी स्कोपेलितिस बोट बरीच हलते. बोट लागू नये म्हणून अव्होमिनची गोळी घ्यायची तर बोटीत चढण्याआधी तासभर घ्या आणि त्या दिवशी पोहू नका, गोळीनं झोप येते. मोसमात होराहून मठामार्गे आयिया आनापर्यंत बस जाते. परतीची शेवटची बस किती वाजता, ते उतरतानाच चालकाला विचारा. स्कूटर घेणार असाल तर भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवाना लागतो, आणि त्यावर दुचाकीचा वर्ग असायला हवा.

1088 साली बायझंटाइन सम्राट अलेक्सिओस कोम्निनोसने आश्रय दिलेला होझोविओतिसाचा मठ वाटेतच आहे. तो सकाळी, पोहण्याआधी बघा. पुरुषांना पूर्ण पॅन्ट, बायकांना लांब झगा किंवा स्कर्ट लागतो, आणि दुपारी तो काही तास बंद असतो. वर तुम्हाला मधाची दालचिनीवाली राकी (तिथली दारू) देतील. नम्रपणे एक घोट घ्या, पेला संपवून समुद्रात उतरू नका.

शांतता हवी असेल तर कोव्हवर सकाळी दहाच्या आत पोचा. 1988 च्या एका गाजलेल्या चित्रपटाचं चित्रीकरण इथे झालं, त्यामुळे दुपारी फोटोवाल्यांची रीघ असते. जागा मुळात दहा-बारा माणसांची. गर्दी वाटली तर शेजारच्या कांबी किनाऱ्यावर जा, पण तिथे काही जण विवस्त्र पोहतात, तेव्हा आधीच माहीत असू द्या. दुपार कलली की मागच्या डोंगराची सावली येते, मग ओल्या अंगाला वारा बोचतो. पायऱ्यांजवळचं पांढरं चॅपल हे प्रार्थनास्थळ आहे. तिथे कपडे बदलू नका, ओले टॉवेल वाळत घालू नका.

काठावर सावली नाही, जीवरक्षक नाही. माणशी दोन लिटर पाणी, लांब बाह्यांचा पोहण्याचा टीशर्ट, टोपी, कोरडे कपडे आणि कचऱ्याची पिशवी घेऊन जा. एकजण पाण्यात असताना दुसऱ्यानं काठावर राहून नजर ठेवायची, दोघांनी एकदम खोल जायचं नाही. ग्रीक तटरक्षक दलाचा नंबर 108, रुग्णवाहिका 166, आणि दोन्ही आठवलं नाही तर 112.

तुमच्या तारखांच्या तीन दिवस आधीचा वाऱ्याचा अंदाज इथे टाकलात तर कोणता दिवस आयिया आनासाठी राखायचा ते सांगता येईल.