खारघरच्या सेंट्रल पार्कला आजी-आजोबा आणि लहान मुलांना घेऊन मेट्रोने जाता येईल का?

हो, आरामात जाता येईल. फक्त लोकलने येताना खारघरला उतरू नका. मेट्रो खारघर रेल्वे स्टेशनला येतच नाही, तिथून रिक्षा किंवा बस धरावी लागते. सीबीडी बेलापूरला उतरा, पेंधरकडे जाणारी मेट्रो धरा आणि सेंट्रल पार्क याच नावाच्या स्टेशनवर उतरा. लिफ्ट असल्याने गुडघे दुखणाऱ्यांना जिना चढावा लागत नाही. सिडकोने उभारलेलं हे उद्यान सुमारे 80 हेक्टरचं आहे, त्यामुळे ज्येष्ठांना सगळं फिरवायचा हट्ट नको. मुलांच्या खेळण्यांजवळच बसा. अडचण एकच, सावली फार कमी. मोकळ्या हिरवळीवर दुपारी ऊन अक्षरशः भाजून काढतं, म्हणून सकाळी लवकर किंवा उन्हं उतरल्यावरच जा. पाणी घरूनच न्या. पावसाळ्यात शेवाळलेल्या फरशीवर पाय घसरतो, चप्पल पकड असलेली हवी.