सत्तरीनंतर मेंदूसाठी व्यायाम: दम किती लागायला हवा?

तुमचा प्रश्न असा: अण्णांचं वय ७०, रोज सकाळी रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या किनाऱ्यावर तासभर रमतगमत चालतात, स्मरणशक्तीसाठी एवढं पुरे का? चालणं मुळीच सोडू नका. पण मेंदूसाठी करायचं तर आठवड्यातले दोन-तीन दिवस दम लागायला हवा.

क्वीन्सलँड विद्यापीठाच्या २०२४ मधल्या अभ्यासात ६५ ते ८५ वयाच्या निरोगी माणसांनी सहा महिने, आठवड्यातून तीनदा व्यायाम केला. एक गट तोल सांभाळण्याचे आणि ताणाचे हलके प्रकार करी, दुसरा भरभर चाले, तिसरा थोडा वेळ जोर, मग थोडा वेळ सावकाश, असं आलटूनपालटून करी. हिप्पोकॅम्पसवर (मेंदूतला आठवणींशी संबंधित भाग) अवलंबून असलेली शिकण्याची क्षमता तिसऱ्या गटात सुधारली आणि पाच वर्षांपर्यंत टिकली. उलट नॉर्वेत ट्रोंडहाइमला सत्तरी ओलांडलेल्यांवर पाच वर्षं झालेल्या अभ्यासात, जोराच्या व्यायामामुळे मेंदूचं आकारमान जास्त राखलं गेल्याचं एमआरआयवर दिसलं नाही. तेव्हा डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) टळेलच अशी हमी कोणी देत असेल तर विश्वास ठेवू नका.

जोराचा ठरलेला प्रकार असा: १० मिनिटं अंग गरम करणं, ४ मिनिटं जोर, ३ मिनिटं सावकाश चाल, असे जोराचे चार टप्पे, शेवटी ५ मिनिटं हळू. जोर म्हणजे कमाल नाडीच्या ८५ ते ९५ टक्के. २०८ मधून वयाच्या ०.७ पट वजा केलं की कमाल नाडी अंदाजे मिळते. सत्तरीला १५९, म्हणजे जोराच्या वेळी १३५ ते १५१. पण अण्णा रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल अशा गोळ्या घेत असतील तर घड्याळावरचा आकडा विसरा. या गोळ्या नाडी फारशी चढू देत नाहीत, आणि आकडा गाठायच्या नादात माणूस झेपेल त्यापेक्षा जास्त ताणतो. बोलण्यावरून ओळखा: दोन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला तर जोर पुरेसा, पूर्ण वाक्यं येत असतील तर मध्यम, एक शब्दही निघत नसेल तर थांबायचं.

थेट चार मिनिटांवर जाऊ नका. पहिले दोन आठवडे फक्त ३० मिनिटं भरभर चाल. मग एकेक मिनिटाचे चार टप्पे, दर दोन-तीन आठवड्यांनी मिनिटभर वाढवत न्या.

जागा नीट निवडा, सगळं इथेच बिघडतं. सुकी भुसभुशीत वाळू घोटा मुरगळते. ओहोटीला उघडी पडलेली ओली, टणक पट्टी चांगली, पण ओहोटीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते, म्हणून सकाळची ठरावीक वेळ पंधरवडाभरही जमत नाही. किनारा पाण्याकडे उतरता असतो. एकाच दिशेने चाललं की एकाच गुडघ्यावर भार येतो, तेव्हा जाऊन-येऊन चाला. त्याहून बरा वाडीतून सड्यावर (वरच्या कातळी पठारावर) जाणारा डांबरी चढ. जोर चढताना लावायचा, उतरणं मात्र अगदी सावकाश. जांभ्याच्या पाखाडीवर हा व्यायाम नको: पायऱ्या कमी-जास्त उंचीच्या, आणि पावसाळ्यात शेवाळाने निसरड्या. त्या चार महिन्यांत पडवीत स्थिर सायकल चालवणंच शहाणपणाचं.

एप्रिल-मेमध्ये सकाळी सातच्या आत आटपा. दमट हवेत घाम वाळत नाही, अंग थंड होत नाही, आणि लघवीची गोळी चालू असेल तर भोवळ येते. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड असेल तर साखर मोजून निघा. १०० च्या खाली असेल तर आधी वाटीभर पेज प्यायला द्या, खिशात खडीसाखर ठेवा. अनवाणी पाठवू नका.

सुरुवातीआधी डॉक्टरांना दाखवून रक्तदाब, ईसीजी आणि त्यांनी सांगितल्यास स्ट्रेस टेस्ट करून घ्या. चालताना छातीत दाटतं, चक्कर येते किंवा नुकताच स्टेंट बसवला आहे, तर त्यांनी परवानगी दिल्याशिवाय जोर नाही.

आणि विसरणं आत्ताच वाढलं असेल तर व्यायामावर सोडून देऊ नका. बी-१२, थायरॉइड आणि ऐकू येणं या तीन तपासण्या आधी करा. यातलं बरंचसं औषधाने किंवा श्रवणयंत्राने सुधारतं.